कोंडाजीचे बारा किलो

मुठा खोरं आणि रिहे खोरं मिळून कोंडाजी ढमाल्यानं चाळीस वर्षांत किती लग्नं जमवली, ते त्यालाही सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतो, "मोडली ती सांगतो. तीन." त्या तिन्हींत चूक कोणाची होती, हे मात्र तो जीव गेला तरी सांगणार नाही. कोंडाजीच्या पोटात गोष्ट राहते अशी ख्याती आहे, आणि ते पोट बघता गोष्टींना जागाही प्रशस्त आहे, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. तोही हसायचा. वय सहासष्ट, डोक्याला पांढरी टोपी, खिशात उपवर मुलामुलींचे चार-पाच घडी घातलेले बायोडेटा. रिह्यातली भातखाचरं मुलगा शंभू बघतो आणि कोंडाजी लोकांची लेकरं उजवत फिरतो. या कामाचं तो काही घेत नाही. लग्नात टॉवेल-टोपी आणि पंगतीत पहिलं पान, एवढाच त्याचा मान.

आता इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं प्रकरण उगीच वाटेल. मुलगी बघायला गेल्यावर पोह्यांच्या बशा आल्या की आधी मध्यस्थानं उचलायची. तोवर मुलाकडचे लोक पोटात कावळे ओरडत असले तरी गुडघ्यांवर हात ठेवून छताकडे बघत बसतात. कोंडाजी पहिला घास घेणार, "झ्याक झाल्यात" म्हणणार, मग बाकीचे चमचे वाजणार. पण कुठं काही खटकलं, म्हणजे मुलीचा रडून लाल झालेला डोळा दिसला, किंवा जमिनीचा वाद लपवलाय असं शेजाऱ्याच्या बोलण्यातून कळलं, तर कोंडाजी चकार शब्द काढत नसे. बशी हलकेच पुढं सरकवायची, "सकाळीच झालंय" म्हणायचं, तांब्यातलं पाणी प्यायचं आणि उठायचं. दोन्ही घरं काय ते समजायची. चाळीस वर्षांत अशी बशी त्यानं अकराच वेळा सारली होती. नंतर पत्रिका जुळत नाही असं सांगून सगळे मोकळे व्हायचे. कोणाची अब्रू जात नसे, पोरीच्या नावाला बट्टा लागत नसे. मला विचाराल तर फार शहाणी रीत आहे.

तर असा हा माणूस, खाणं हेच ज्याचं काम. रविवारी तीन घरं झाली तर तीन बशा पोहे, चार कप गोड चहा, वर लाडू, आणि शेवटचं घर नात्यातलं निघालं तर जेवण. चाळीस वर्षं हे सगळं त्याच्या दोन गुडघ्यांनी वाहिलं आणि मग एकाएकी हात टेकले. जिना चढणं बंद झालं. खाचराच्या बांधावरून चालणं बंद झालं. गाडीतून उतरायला आधी काठी, मग उजवा पाय, मग देवाचं नाव, मग डावा पाय, असा सोहळा व्हायला लागला.

दुखणं तो सोसत होता. त्याला भीती वेगळीच होती. त्याची आई गुडघ्यांनीच बसली होती. शेवटची सात वर्षं ती दाराशी बाजेवर होती, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "कुटं निगालास रं?" लोक आधी थांबून सांगायचे. मग चालता चालता सांगायला लागले. मग सांगेनासे झाले. एका दुपारी बायकोच्या खांद्याला धरून खुर्चीतून उठताना कोंडाजी म्हणाला, "रत्ना, मला काय बी करा, पन आईवानी दाराशी नगं." रत्नाबाईनं त्याच आठवड्यात शंभूला गाडी काढायला लावली.

बावधनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आधी डावा करू. कोंडाजी म्हणाला, "करा, आत्ता करा." डॉक्टर म्हणाले, "एकशे चार किलोवर मी हात लावणार नाही. भूल द्यायला धोका, जखम भरायला धोका, आणि नवा सांधाही लवकर झिजणार. ब्याण्णव करून या." मे महिन्याच्या शेवटचा गुरुवार ठरला. आधीच्या सोमवारी वजन होईल. ब्याण्णव भरलं तर गुरुवारी ऑपरेशन, नाही भरलं तर डॉक्टर परदेशी जाऊन परत आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. दिवाळीपर्यंत आपण आपल्या पायानं मोरीपर्यंत तरी जाऊ का, याची कोंडाजीला खात्री नव्हती.

आहार सांगायला तिथं मृण्मयी नावाची एक तरुण मुलगी होती, मूळची अमरावतीची. तिनं काय खायचं ते समजावलं, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम शिकवला आणि एक वही दिली. "काका, दिवसभरात तुम्ही जे जे खाल ते यात लिहायचं. खोटं लिहायचं नाही."

"खोटं?" कोंडाजी दुखावला. "ताई, चाळीस वर्सं सोयरीक जमवतोय. खोटं बोललो असतो तर लोकांनी उभं केलं असतं व्हय दारात?"

घरी रत्नाबाईनं कारभार हाती घेतला, आणि ती एकदा हाती घेते म्हणजे घेतेच. तिची भाकरी ताटभर मोठी असते. ती तिनं दवाखान्याच्या कागदाप्रमाणे तळहाताएवढी केली, आणि ती तव्यावर टाकताना स्वतःच "शोभतंय का हे" म्हणाली. इंद्रायणीच्या भाताच्या घरात भात वाटीनं मोजला जाऊ लागला. चहातली साखर गेली. मोड आलेले मूग, ताक, काकडी, पालेभाजी. कोंडाजी निमूट खायचा आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहायचा.

महिना झाला. वजन भरलं एकशे तीन आणि वर थोडं.

मृण्मयीनं वही पुन्हा पुन्हा वाचली. एवढं खाऊन माणूस बारीक व्हायला हवा होता. तिनं रक्त तपासायला लावलं, ते चांगलं निघालं. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. शेवटी ती सहज म्हणाली, "बरं, काल दिवसभर काय केलंत?"

"काल व्हय? पौडला एक ठिकान, भुकूमला एक, आन् परतीला घोटवड्याला."

"तिथे काय खाल्लं?"

"खाल्लं न्हाई काय. पोहं तेवढं."

"तीन ठिकाणी?"

"आता तीन घरं म्हनल्यावर तीन ठिकानी. आन् घोटवड्याला शिरा केला व्हता. मग ती म्हनली जेवूनच जावा."

मृण्मयीनं पेन खाली ठेवलं. "काका, हे वहीत कुठंय?"

कोंडाजीनं तिच्याकडे खरोखरच्या नवलानं पाहिलं. "ते कशाला लिव्हू? ते माझं खानं न्हाई, ताई. ते कामाचं हाय."

यात लबाडी तिळमात्र नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. घरी भुकेसाठी खाल्लं ते खाणं. परक्या दारात मानासाठी खाल्लं ते पोटात जातं खरं, पण ते आपल्या अंगी लागत नाही, असं तो मनापासून समजत होता. शेजारी बसलेल्या रत्नाबाईनं कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं संसार करून तिलाही हे ठाऊक नव्हतं, कारण ती रीत तिच्याही इतकी अंगवळणी पडलेली की तिनंही ते खाण्यात धरलं नव्हतं.

"तुमच्या गुडघ्याला मान कळत नाही, काका," मृण्मयी म्हणाली. "त्याला किलो कळतात. एक किलो वाढला की चालताना त्याच्यावर तिप्पट-चौपट भार येतो. नाही म्हणायला शिका."

नाही म्हणायचं. तिला काय जातंय सांगायला! उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार. बरं, कारण सांगावं तर तेही सांगता येईना. मुळशी तालुक्यात आजवर गड्यानं वजन उतरवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आजारानं उतरलं तर गोष्ट वेगळी. पण मुद्दाम मूग खाऊन? कोंडाजी डाएट करतोय हे एकदा पौडच्या बाजारात फुटलं की पुढची दहा वर्षं त्याला तेच ऐकावं लागणार. जगाच्या मुलींची उंची, वजन, चष्म्याचा नंबर याच्या खिशात, आणि स्वतःचं वजन मात्र यानं शंभूलाही नीट सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग त्यानं ताकाला जाऊन भांडं लपवायला सुरुवात केली. बाहेरगावची कामं फोनवर उरकायला लागला. "घरी पाव्हणं आल्यात", "गाडी बिगाडली", "शंभूला येळ न्हाई" अशा सबबी निघाल्या. अगदी टळेना तिथं पहिला घास घ्यायचा आणि पोरं भोवती घुटमळत असतील तर बशी त्यांच्याकडं वळवायची. घरी व्यायाम न चुकता. रत्नाबाई समोर बसून मोजायची आणि आठावर आली की हा "दहा" म्हणायचा, मग ती पुन्हा एकपासून सुरू करायची. एप्रिलमध्ये पंचाण्णव झाले. मे निम्मा सरला तेव्हा त्र्याण्णवला थोडे कमी. गुरुवारला नऊ दिवस उरले होते, आणि टोपी कानांवर उतरायला लागली होती, असं रत्नाबाई म्हणायची. टोपीचं मला खरं वाटत नाही, पण ती सांगायची खरं.

नेमकं त्याच मंगळवारी मुठे गावचं स्थळ आलं. मुलगी गौतमी, भिकू मारण्याची लेक, फार्मसी शिकलेली, पिरंगुटाला कंपनीत कामाला. मुलगा साहिल, रिह्याचाच, हिंजवडीत नोकरीला. साहिलचा बाप माऊली म्हणजे कोंडाजीचा बालमित्र, त्याला फोनवर भागवता येईना. पोरानं आणि पोरीनं एकमेकांना कंपनीच्या बसथांब्यावर आधीच पाहून ठेवलेलं होतं. सगळं जुळल्यात जमा होतं. नुसता उपचार बाकी होता.

भिकूच्या घरी सगळे बसले. दाराजवळ खुर्चीत भिकूची आई, गंगूबाई, पाय सरळ समोर सोडून बसली होती. गौतमीनं बशा आणल्या. वर खोबरं, कोथिंबीर, शेंगदाणे मोकळ्या हातानं घातलेले. बशी पुढं आली तेव्हा कोंडाजीच्या डोक्यात एकच आकडा घुमत होता. सोमवारी सकाळीच मृण्मयीनं बजावलं होतं, "आता पुढच्या सोमवारपर्यंत बाहेरचा दाणासुद्धा नको." त्यानं हात पुढं केला आणि बशी हलकेच सरकवली.

"सकाळीच झालंय," तो म्हणाला, आणि तांब्या उचलून पाणी प्यायला.

माऊलीनं घेतलेला चमचा परत बशीत ठेवला. साहिल बापाकडं बघायला लागला. भिकूचा चेहरा पांढरा पडला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली गौतमी आत गेली. कोंडाजीच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. चाळीस वर्षं ज्या खुणेवर खोरं चालत होतं, ती खूण त्यानं एका धडधाकट, गुणी पोरीच्या दारात केली होती.

तिथंच सांगून टाकलं असतं तर? मीही हाच प्रश्न विचारीन. पण ओठांवर आलेलं "माझं डाएट चाललंय" हे वाक्य त्या भरल्या घरात, भिकूच्या तीन भावांसमोर, त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. तो काठी टेकत उठला. उठला म्हटल्यावर माऊलीही उठला.

संध्याकाळी माऊली घरी आला. "कोंडू, काय दिसलं तुला?"

"काय न्हाई रं. पोरगी सोन्यावानी हाय."

"मला बी सांगनार न्हाईस व्हय?"

"अरं खरंच काय न्हाई!"

"आसं तू त्या अकरा येळंला बी म्हनला व्हतास," माऊली म्हणाला आणि मान हलवत निघून गेला.

असं झालं. ज्यानं जन्मात कोणाची खोट बोलून दाखवली नाही, तो "खोट नाही" म्हणाला तर त्याचा अर्थ खोट मोठीच आहे असा होतो. कोंडाजीनं जितक्या शपथा घेतल्या तितकी गौतमीची अब्रू पातळ होत गेली. शुक्रवारपर्यंत मुठ्यात कोणी म्हणे पोरीला फिट येते, कोणी म्हणे आधीचं काही आहे. साहिल जेवेना. रत्नाबाई नवऱ्याशी बोलायची थांबली, आणि रविवारी सकाळी बोलली ते एकदाच.

"पोरीच्या जल्माचं वाटुळं करून गुडगं बदलनार का? जावा आन् भरली बशी खाऊन या. न्हाई भरलं ब्यान्नव तर न्हाई भरलं."

"उद्या वजान हाय गं."

"म्हाईत हाय मला. तुमी दाराशी बसलात तर मी बी बसन शेजारी. जावा."

कोंडाजीला रडू आलं, ते त्यानं टोपी नीट करायच्या निमित्तानं पुसलं. शंभूनं गाडी काढली, माऊली आणि साहिलला सोबत घेतलं, आणि पिरंगुटावरून चौघं मुठ्याला पोचले.

भिकूनं "या" म्हटलं नाही, पण दारातून घालवलंही नाही. कोंडाजी बसला आणि म्हणाला, "भिकू, पोहं करायला सांग. मी खायाला आलोय."

आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. तेवढ्यात खुर्चीतून गंगूबाई बोलली. ही बाई सत्तरीची, तोंडानं तिखट, सबंध मुठ्यात तिला "आक्का" म्हणतात.

"थांब. पोहं मागनं खा. आदी सांग, माज्या नातीत काय खोट काडलीस?"

"आक्का, पोरीत काय बी न्हाई."

"मग बशी का सारलीस?"

कोंडाजीनं एकदा माऊलीकडं पाहिलं, एकदा साहिलकडं. आत भांडी वाजायची थांबली होती.

"खोट माझ्यात हाय," तो म्हणाला. "माझं वजान एकशे चार व्हतं. गुडगा बदलायचा हाय. डाक्तर म्हनला ब्यान्नव कर, न्हाईतर हात लावनार न्हाई. तीन महिनं झालं मूग आन् काकडी खातोय. उद्या काट्यावर उभं ऱ्हायचंय. त्यापायी बशी सारली. आन् सांगायची लाज वाटली."

क्षणभर कोणालाच उमगेना. मग भिकूच्या धाकट्या भावाला हसू फुटलं, मग भिकूला, मग सगळी खोली हसायला लागली. "कोंडाजी डायेटिंग करतोय!" माऊली तर मांडीवर थापा मारत होता, आणि हसता हसता त्यानं मित्राला दोन सणसणीत शिव्याही दिल्या. ज्या हसण्याला कोंडाजी तीन महिने भ्याला होता ते हेच. बसलं अंगावर आणि गेलं. काही झालं नाही त्याला.

गंगूबाई हसली नव्हती. "किती उतारलं?" तिनं विचारलं.

"अकरा. थोडं बाकी हाय."

"आन् गुडगा आख्खा नवा बशिवत्यात?"

"व्हय. डावा आता, उजवा फुडल्या वर्साला."

"बाईमानसाचा बी करत्यात?"

"न करायला काय झालं, आक्का? तितं निम्म्या बायकाच व्हत्या."

गंगूबाई पदरानं गुडघा झाकल्यासारखं करून बाहेर बघत राहिली. कोंडाजी तिच्या सरळ सोडलेल्या पायांकडं पाहत होता. दोन वर्षांपूर्वी ही बाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून जाताना त्यानं पाहिली होती. आणि त्याला आई आठवली. सात वर्षांत आईला "तुझे पाय दाखवू का कोणाला" असं एकदाही विचारलं नव्हतं, ना भावांनी, ना त्यानं. वयाचं दुखणं, असं सगळे म्हणाले आणि तोही म्हणाला. दुसऱ्यांच्या पोरींसाठी त्यानं आख्खा तालुका पालथा घातला होता. आई दहा पावलांवर होती. पोहे आले तेव्हा तो डोळे पुसत होता आणि ते हसण्यामुळे आहे असं बाकीच्यांना वाटलं.

बशी गौतमीनंच आणली. तिनं ती त्याच्यासमोर धरली आणि हळूच म्हणाली, "काका, एकच घास घ्या." कोंडाजीनं तेवढाच घेतला. "झ्याक झाल्यात," म्हणाला आणि बशी साहिलच्या हातात दिली. साहिलनं ती ज्या वेगानं संपवली त्यावरून पुढचं विचारायची गरज उरली नाही. सुपारी त्याच बैठकीत फुटली.

सोमवारी काट्यावर उभं राहण्याआधी कोंडाजीनं टोपी काढली, घड्याळ काढलं, खिशातले बायोडेटा काढले आणि बनियनही काढायला निघाला तेव्हा मृण्मयीनं त्याला थांबवलं. आकडा फिरला, थरथरला आणि थांबला. ब्याण्णव किलो तीनशे ग्रॅम.

"त्यो एक घास," कोंडाजी म्हणाला. "ताई, म्या फकस्त एकच घास घेतला व्हता."

मृण्मयी आत गेली आणि डॉक्टरांनाच घेऊन आली. त्यांनी आकडा पाहिला, वही चाळली. वहीत रविवारच्या पानावर लिहिलं होतं, "मुठे. पोहे. एक चमचा. कामाचा नाही, माझा." डॉक्टर म्हणाले, "मी सर्जन आहे, वाणी नाही. तीनशे ग्रॅमला काय घेऊन बसलात? गुरुवारी सकाळी उपाशीपोटी या." उपाशी यायचं ऐकून रत्नाबाई म्हणाली, ते तर आता सवयीचं झालंय.

ऑपरेशन झालं. दुखलं, आणि चांगलंच दुखलं. दुसऱ्या दिवशी त्याला वॉकर देऊन उभं केलं तेव्हा कोंडाजीनं तालुक्यातल्या सगळ्या देवांना आणि दोन डॉक्टरांना हाका मारल्या. पण पाय वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. इकडं खोऱ्यात बातमी पोचायची तशी पोचली होती. भेटायला येणारे पेढे न आणता काकड्या घेऊन यायचे. एका घरून तर मोड आलेल्या मटकीचं गाठोडं आलं. पुढं तो कामाला लागला तेव्हा कोणी त्याला भरली बशी देईना. एक चमचा पोहे बशीच्या मधोमध ठेवून आणायचे आणि सगळं घर तो संपेपर्यंत पहारा द्यायचं. मुळशीची माया अशीच, अंगावर येणारी. कोंडाजी कुरकुरायचा, पण वजन ब्याण्णवच्या आत राहिलं.

श्रावणात लग्नाची तारीख धरायला तो मुठ्याला गेला. गाडी रस्त्यावर थांबवली आणि अंगणातून चालत आला. हातात काठी होती, पण ती टेकत नव्हता. भिकू घरात नव्हता, खाचरात गेला होता. गंगूबाई दाराजवळच्या खुर्चीत होती, आणि ती त्याच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघत होती.

"बसू नगंस," ती म्हणाली. "त्या चुलवनापतूर जा आन् परत ये."

कोंडाजी गेला आणि परत आला.

"काठी ठिव. पुन्यांदा."

तो पुन्हा गेला, पुन्हा आला. गंगूबाई टक लावून बघत होती. डावा पाय कसा पडतो, उजवा कुठं अडखळतो, वळताना तोल कसा सांभाळतो, सगळं.

"म्हाईत हाय का," ती म्हणाली, "मला बगायला आले तवा मला बी आसंच चालाया लावलं व्हतं. पोरगी लंगडी न्हाई ना, हे बगायला. आंगनातनं दोनदा. लई राग आला व्हता मला. पन काय चालले व्हते मी, कोंडाजी! वाऱ्यावानी चालले व्हते."

आपल्या तरुणपणी कोंडाजीनंही पोरींना असं चालायला लावलं होतं. तो तसाच अंगणात उभा राहिला.

"दुखलं का?" तिनं विचारलं.

"लई दुखलं, आक्का. खोटं न्हाई सांगत. पंधरा दिस रडलो."

"आन् आता?"

"आता न्हाई."

गंगूबाईनं खुर्चीचे दोन्ही हात धरले, दात आवळले आणि उभी राहिली. कोंडाजी पुढं झाला तर तिनं हातानंच त्याला लांब राहायला सांगितलं. उंबऱ्याला धरून ती श्वास घेत उभी होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता.

"ती वजानवाली पोरगी," ती म्हणाली, "कंच्या वारी बसती?"

"सोमवारी."

"मग सोमवारी गाडी घिऊन ये. भिकूला तू काय सांगू नगंस. मी सांगते."